पाय प्लास्टरमध्ये असताना दिव्यांगांच्या पार्किंगचं काय करायचं?

मागच्या पावसाळ्यात आमच्याच इमारतीच्या ओल्या पायरीवरून घसरले आणि उजव्या घोट्याचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लास्टर, त्यातले पहिले चार आठवडे पाय जमिनीला टेकवायचाही नाही. पहिल्या फेरतपासणीला निघालो, तर नाशिकमधल्या मुंबई नाक्याजवळच्या एका हॉस्पिटलच्या आवारात एकच जागा मोकळी होती. निळी पाटी, त्यावर व्हीलचेअरचं चित्र. नवऱ्याने गाडी तिथे लावली. मला त्यात काही गैर वाटलं नाही. हातात कुबड्या होत्या, पाय ठणकत होता. पाटीवरच्या माणसात आणि माझ्यात आज फरक तो काय, असंच मनात आलं.

संध्याकाळी आतेभाऊ बघायला आला. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे तो व्हीलचेअर वापरतो आणि हाताने चालवायची सोय केलेली गाडी घेऊन रोज नाशिक रोडहून सातपूरला कामाला जातो. बोलता बोलता मी पार्किंगचं सांगितलं. तो रागावला नाही, पण गप्प झाला. मग म्हणाला, "अगं, तुला उतरवून देणारा माणूस होता ना सोबत? मग तुला दार जवळ हवं होतं, जागा नको होती. माझं उलटं आहे. दार थोडं लांब असलं तरी मी चाकांवर जाईन. पण जागाच नसेल तर मी गाडीतून उतरू शकत नाही."

दादाच्या या बोलण्यावर पुढचे सहा आठवडे विचार केला, त्याला खोदून खोदून विचारलं, कायदा वाचला आणि नाशिकमध्ये जिथे जिथे जावं लागलं तिथे वेगवेगळे मार्ग करून पाहिले. पाय, गुडघा किंवा कंबर काही आठवड्यांसाठी अडकलेल्या सगळ्यांना आणि त्यांना गाडीतून नेणाऱ्या घरच्यांना उपयोग व्हावा म्हणून ते सगळं इथे लिहिते आहे.

आधी ती जागा समजून घ्या

बहुतेकांना वाटतं, दिव्यांगांची जागा म्हणजे दाराजवळची जागा. ते अर्धंच खरं आहे. महाराष्ट्राच्या एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीत, म्हणजे नाशिकलाही लागू असलेल्या यूडीसीपीआरमध्ये, सार्वजनिक वापराच्या इमारतींसाठी स्पष्ट लिहिलं आहे: प्रवेशद्वाराजवळ दोन गाड्यांची जागा, दारापासून जास्तीत जास्त ३० मीटर अंतरावर, आणि प्रत्येक जागेची रुंदी किमान ३.६० मीटर. ही जागा व्हीलचेअर वापरणाऱ्यांसाठी राखीव आहे अशी ठळक पाटीही लावायची असते.

त्यातला रुंदीचा आकडा नीट पाहा. नेहमीची जागा साधारण अडीच मीटर रुंद असते. मध्यम आकाराची गाडी पावणेदोन मीटरच्या आसपास. म्हणजे दोन्ही बाजूंना मिळून पाऊण मीटर उरतं, एका बाजूला जेमतेम एक वीत-दीड वीत. आपण अंग चोरून त्यातून बाहेर पडतो. व्हीलचेअरचीच रुंदी पासष्ट-सत्तर सेंटिमीटर. ती दाराशेजारी उभी करायची, दार पूर्ण उघडायचं, हातांच्या जोरावर गाडीच्या सीटवरून खुर्चीत सरकायचं, हे एका बाजूच्या चाळीस सेंटिमीटरमध्ये होणं शक्यच नाही. म्हणून ३.६० मीटर. काही ठिकाणी जागेच्या बाजूला तिरप्या रेषांची पट्टी रंगवलेली दिसते. ती व्हीलचेअर लावायची जागा असते. ती रिकामी दिसली म्हणून तिथे दुचाकी लावली, तर राखीव जागा असून नसल्यासारखी होते.

आणखी एक गोष्ट दादाने सांगेपर्यंत माझ्या डोक्यातही आली नव्हती. येताना जागा मिळणं हा निम्मा प्रश्न. तो आत काम उरकून परत येतो तेव्हा गाडीच्या उजव्या बाजूला कुणी 'दोनच मिनिटांसाठी' गाडी टेकवलेली असते. मग ती गाडी निघेपर्यंत तो बाहेरच. एकदा पावसात तो असा पाऊण तास थांबला होता.

साइड व्हीलच्या स्कूटरचंही असंच. मागे जादा चाकं असल्यामुळे ती दोन स्कूटरींच्या फटीत बसत नाही. तिला सहसा रिव्हर्स नसतो आणि चालवणाऱ्याला पाय टेकून गाडी मागे ढकलता येत नाही. त्यामुळे सरळ पुढे निघता येईल अशीच जागा तिला लागते. समोर कुणी गाडी आडवी लावली की तो माणूस अडकला. नाशिकसारख्या दुचाकींच्या गावात हे रोज घडतं.

कायदा काय म्हणतो

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा. अंमल १९ एप्रिल २०१७ पासून. त्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार दिले आहेत आणि दिव्यांग व्यक्तीची व्याख्या करताना 'दीर्घकालीन' असा शब्द वापरला आहे. सहा आठवड्यांत भरून येणारं हाड त्यात बसत नाही. ज्यांचं दिव्यांगत्व ४० टक्के किंवा त्याहून जास्त प्रमाणित झालं आहे त्यांच्यासाठीच्या सवलती लबाडीने मिळवणाऱ्याला कलम ९१ खाली दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. प्लास्टर घातलेल्या माणसाने पाच मिनिटं गाडी लावली म्हणून लगेच हे कलम लागेल असं मी म्हणत नाही. पण दुसऱ्याचं दिव्यांगत्वाचं कार्ड काचेला चिकटवून किंवा खोटं सांगून जागा मिळवणं हा गंभीर प्रकार आहे, हे घरातल्या उत्साही मंडळींना सांगून ठेवा. आमच्याकडेही 'दादाचं कार्ड घेऊन जा की' अशी सूचना आलीच होती.

अमेरिकेत कॅलिफोर्नियासारख्या राज्यांत डॉक्टरांच्या सहीवर काही महिन्यांपुरतं लाल रंगाचं पार्किंगपत्र मिळतं. आपल्याकडे तशी तात्पुरत्या दुखापतीची पार्किंगची सोय नाही. युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, वेगळं; ते काही आठवड्यांच्या दुखापतीसाठी नसतं. मात्र दुखापत तशी साधी नसेल, मणक्याला मार असेल, अवयव गमवावा लागला असेल आणि डॉक्टर म्हणत असतील की बरं व्हायला किती काळ लागेल सांगता येत नाही, तर संकोच न करता स्वावलंबन पोर्टलवर, म्हणजे या कार्डासाठीच्या सरकारी संकेतस्थळावर, अर्ज करा. प्रमाण बदलण्याची शक्यता असेल तर ठराविक मुदतीचं प्रमाणपत्रही देता येतं. त्र्यंबक रोडच्या जिल्हा रुग्णालयात तपासणीची सोय आहे. अशा माणसाने 'माझं तात्पुरतं आहे' म्हणत महिनोन्‌महिने हाल काढू नयेत.

पहिली पायरी: डॉक्टरांना चार प्रश्न

प्लास्टर घातलं त्याच दिवशी विचारून घ्या. पायावर वजन टाकायचं का, आणि कधीपासून? एका दमात किती चालायचं? पायऱ्या चढायच्या का? गाडी चालवायची का? उत्तरं फाइलवर तारखेसह लिहून मागा. 'अमुक तारखेपर्यंत डाव्या पायावर वजन टाकू नये, दाराजवळ उतरण्याची गरज आहे' एवढी ओळ पुरते. तिचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. ही चिठ्ठी म्हणजे हक्काचा कागद नाही. पण सोसायटीच्या सेक्रेटरीला किंवा मॉलच्या सिक्युरिटीला विनंती करताना ती दाखवली की समोरच्यालाही निर्णय घेणं सोपं जातं.

गाडी चालवण्याबद्दल स्पष्टच लिहिते. उजवा पाय प्लास्टरमध्ये असेल तर चालवू नका. ब्रेक त्याच पायाने लागतो. डावा पाय असेल आणि गाडी गिअरची असेल तरीही नाही. हात गळ्यात असेल तरी नाही. आपली अवस्था धोकादायक आहे हे माहीत असून गाडी चालवणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १८६ खाली गुन्हा आहे, पहिल्या वेळी एक हजारापर्यंत दंड. दंडापेक्षा द्वारका चौकात ऐन वेळी पाय उचलला गेला नाही तर काय, याचा विचार करा.

दुसरी पायरी: निघण्याआधी फोन

मी घरातून निघण्याआधी तीन मिनिटांचा फोन करायला लागले आणि निम्मे प्रश्न संपले. दारापर्यंत गाडी येते का? रॅम्प आहे का, की पायऱ्या? लिफ्ट चालू आहे का? व्हीलचेअर मिळेल का? गर्दी कधी कमी असते? कॅनडा कॉर्नर, गंगापूर रोड या भागांत कितीतरी दवाखाने जुन्या बंगल्यांत आहेत. गाडी लावायला जागा नाही आणि दाराला तीन-चार पायऱ्या. अशा ठिकाणी राखीव जागेचा प्रश्नच येत नाही, पण रिसेप्शनला आधी सांगितलं तर मदतीला माणूस बाहेर येतो. दुपारची वेळ मागून घ्या. संध्याकाळी सहा ते आठ कॉलेज रोडवर गाडी थांबवणंसुद्धा कठीण.

मेन रोड, रविवार कारंजा, शालिमार इथे खरेदीला स्वतः जाण्याचा हट्ट सहा आठवडे सोडा. पंचवटीत, विशेषतः रामकुंडाकडे जायचं झालं तर गाडीऐवजी रिक्षा बरी. सणावाराला तिकडचे रस्ते वाहनांना बंद असतात, आणि ओल्या दगडी पायऱ्यांवर कुबडीचं रबर कसं सरकतं ते मी अनुभवलं आहे. दर्शन पुढच्या महिन्यात झालं तरी चालेल.

तिसरी पायरी: आधी उतरा, मग गाडी लागू द्या

माझ्या मते सगळ्या लेखाचं सार याच पायरीत आहे, म्हणून जरा सविस्तर.

सोबत चालवणारा असेल तर तुम्हाला पार्किंगची गरजच नाही. तुम्हाला दारासमोर दोन मिनिटं हवी आहेत. गाडी दारात थांबवा, उतरा, आत बसा, आणि चालवणाऱ्याने गाडी लांबवर, जिथे नेहमीची जागा मिळेल तिथे लावावी. परतताना फोन करायचा, गाडी दारात. एकट्याने गाडी चालवत आलेल्या व्हीलचेअरवरच्या माणसाला हा पर्याय नाही. त्याला जिथे गाडी लागते तिथेच उतरावं लागतं. त्याच्या आणि माझ्या गरजेतला फरक एवढाच आहे, आणि तो पुरेसा आहे.

उतरण्याचंही तंत्र आहे. पुढच्या डाव्या सीटवर बसा आणि सीट पूर्ण मागे सरकवून ठेवा. आपल्याकडे वाहतूक डावीकडून, त्यामुळे डावं दार रस्त्याच्या कडेला उघडतं. सीटवर एक प्लॅस्टिकची पिशवी अंथरली तर त्यावरून अंग सहज फिरतं. बसताना आधी पाठमोरं होऊन बसायचं, मग दोन्ही पाय एकत्र आत घ्यायचे. उतरताना उलट: दोन्ही पाय बाहेर, चांगला पाय जमिनीवर पक्का, मग कुबड्या हातात, मगच उभं राहायचं. चालवणाऱ्याला सांगा, गाडी फुटपाथला अगदी खेटून लावू नको. दोन-अडीच फूट अंतर ठेवलं तर आधी सपाट रस्त्यावर उभं राहता येतं. अर्धवट फुटपाथवर पाय टेकला की तोल जातो.

मांडीपर्यंत प्लास्टर असेल तर मागच्या सीटवर पाय लांब करून बसा. रिक्षात चढताना पाठ आधी आत टेकवा, मग रिक्षावाल्या भाऊंना कुबड्या आत द्यायला सांगा. मला तरी सगळे थांबले, कुणी घाई केली नाही. दुचाकीवर मागे बसून कुबड्या आडव्या धरून जाणारे लोक मी पाहिले आहेत. कृपा करून ते करू नका.

पायऱ्या लागल्याच तर चढताना चांगला पाय आधी, उतरताना कुबड्या आणि दुखरा पाय आधी. आमच्या फिजिओ ताईंनी हे माझ्याकडून पाठ करून घेतलं होतं.

दारात थांबताना रॅम्प अडवू नका. दुखापतग्रस्त माणसाला उतरवण्यासाठी गाडी रॅम्पच्या तोंडाशी उभी करणं आणि तिथेच ठेवून आत जाणं हे मी स्वतः केलं नाही, पण दर आठवड्याला पाहिलं.

राखीव जागा वापरायचीच वेळ आली तर

अशी वेळ येते. सोबतच्याला तुम्हाला सोडून जाता येत नाही, कारण तुम्हाला एकटं उभं राहता येत नाही. किंवा डावा पाय प्लास्टरमध्ये आहे, गाडी ऑटोमॅटिक आहे, डॉक्टरांनी चालवायला परवानगी दिली आहे आणि तुम्ही एकटे आहात. दार नेहमीच्या जागेत पूर्ण उघडत नाही आणि अर्ध्या दारातून प्लास्टरचा पाय निघत नाही. मग काय?

मी ठरवलेला क्रम असा. आधी पार्किंगच्या टोकाची जागा शोधा. भिंतीच्या किंवा खांबाच्या शेजारी एका बाजूला बहुतेकदा जास्त मोकळं असतं. ती नसेल तर सिक्युरिटीला विचारा, "भाऊ, मला दार पूर्ण उघडायला लागतं, कुठे जागा मिळेल?" राखीव जागा मागू नका, गरज सांगा. अनेकदा तेच एखादा ट्रॅफिक कोन सरकवून वेगळी सोय करून देतात. तेही जमलं नाही आणि व्यवस्थापनाने आपणहून राखीव जागा देऊ केली, तर घ्या. पण दोन राखीव जागांपैकी एक आधीच भरलेली असेल तर उरलेली शेवटची जागा घेऊ नका. चालवणारा सोबत असेल तर त्याने गाडीतच बसून राहावं आणि तुम्ही उतरल्यावर गाडी हलवावी. एकटे असाल तर मोबाइल नंबर मोठ्या अक्षरात लिहून काचेमागे ठेवा, सिक्युरिटीलाही द्या, आणि काम झाल्यावर तिथे चहाला रेंगाळू नका.

सरकारी कार्यालयं, रेल्वे स्टेशन, बसस्थानक इथे मात्र माझं मत 'नाही' असंच आहे. तिथे दिव्यांग माणसाला दुसरा पर्याय नसतो, आणि जागा कुणी देऊ केली तरी देणाऱ्याला तो अधिकार असतोच असं नाही.

दुखापत झालेली व्यक्ती गाडीत नसेल तर जागा वापरायचीच नाही, अगदी औषध आणायला गेलात तरी. जागा माणसासाठी असते, गाडीसाठी नाही. माझी औषधं आणायला गेलेल्या भाच्याला हे मला फोनवर सांगावं लागलं. त्याने लगेच गाडी काढली.

कुणी टोकलं तर, आणि टोकायचं झालं तर

तुम्हाला कुणी विचारलं, "ही जागा दिव्यांगांची आहे, माहीत आहे ना?" तर प्लास्टर दाखवून वाद घालू नका. "हो, माहीत आहे. इथल्यांनी परवानगी दिली आहे, तुम्हाला लागणार असेल तर लगेच काढतो," एवढं पुरे. आणि खरंच काढा.

उलट बाजूने, राखीव जागेतून धडधाकट दिसणारा माणूस उतरला तर त्याला जाब विचारायची घाई करू नका. २१ प्रकारांत मल्टिपल स्क्लेरोसिस आहे, पार्किन्सन्स आहे, हिमोफिलिया, थॅलेसेमिया, सिकल सेल आहे. यातलं बाहेरून किती दिसतं? कार्ड तपासणं हे तिथल्या कर्मचाऱ्यांचं काम आहे. शंका आली तर त्यांना सांगा. तिरप्या पट्टीवर लावलेली दुचाकी मात्र कुणाची आहे ते विचारून हलवायला सांगायला काहीच हरकत नाही.

सोसायटीतलं पार्किंग

बाहेर तुम्ही आठवड्यातून एक-दोनदा जाता. घरी रोज येता. म्हणून सर्वांत जास्त फरक इथे पडतो. आमची जागा इमारतीच्या मागच्या टोकाला, लिफ्टपासून बरीच लांब, मध्ये उंचवटा. सोसायटीत पाहुण्यांची एक जागा लिफ्टसमोर होती आणि दिव्यांगांची एक. आमच्याकडे दिव्यांग रहिवासी कुणी नाही, म्हणून सेक्रेटरीकाकांनी आधी तीच देऊ केली. मी नको म्हटलं. दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांकडे त्यांचा मुलगा व्हीलचेअरवर कधी येतो, कधी नाही. त्याने फोन करून जागा मोकळी करून घ्यायची का?

त्याऐवजी अदलाबदल मागितली. लिफ्टजवळ जागा असलेल्या शेजारच्या काकूंना भेटून विचारलं, "काकू, दीड महिना तुमची जागा मला आणि माझी तुम्हाला, चालेल का?" चालेल म्हणाल्या. तरी ते कागदावर घ्या: दोन फ्लॅट, दोन जागा, कधीपासून कधीपर्यंत, दोघांच्या सह्या, एक प्रत सेक्रेटरीला. शेवटची तारीख लिहायला विसरू नका. माझ्या ओळखीत अशी एक अदलाबदल दोन वर्षं चालली आणि शेवटी दोन घरं बोलेनाशी झाली. रात्रीच्या वॉचमनलाही सांगा, नाहीतर तो पहिल्याच रात्री गाडी काढायला लावतो.

अदलाबदल कुणीच करत नसेल तर पाहुण्यांची जागा मागा. गाडीला दारात दोन मिनिटं थांबायची परवानगी तर कुठलीच समिती नाकारणार नाही.

प्लास्टर निघाल्यावर

प्लास्टर निघालं की पाय लगेच पूर्वीसारखा होत नाही. आधी दोन कुबड्या, मग एक, मग काठी. तसंच अंतरही वाढवत न्या. मी तर प्लास्टर असतानाच, पाय टेकवायची मनाई संपल्यावर पाचव्या आठवड्यापासून, गाडी मुद्दाम थोडी लांब लावायला सांगितली, आधी वीस पावलं, मग पन्नास. फिजिओंना तेच हवं होतं.

ज्या दिवशी डॉक्टर 'आता चाला' म्हणतील त्या दिवशी तीन फोन करा: सेक्रेटरीला, की जागा परत करतेय, ज्यांनी जागा बदलून दिली त्यांना, आणि जिथे तुमच्यासाठी वेगळी सोय केली होती तिथल्या सिक्युरिटीला किंवा रिसेप्शनला, की आता लागणार नाही. काचेमागची चिठ्ठी काढा. मोबाइलमधला डॉक्टरांच्या ओळीचा फोटो पुसून टाका. कुबड्या धुऊन, रबरं बदलून, कुणाला हव्या असतील तर देऊन टाका. माझ्या सध्या इंदिरानगरमधल्या एका शाळेतल्या बाईंकडे आहेत. त्यांचं प्लास्टर अजून तीन आठवडे आहे.